उत्तमरावांचा तोल

आमचे शेजारी उत्तमराव एका पायावर उभे राहून दात घासतात. तेही अंगणात, सगळ्या गल्लीसमोर. ब्रश गालात, डावा पाय हवेत आणि थोड्याच वेळात स्वारी फाटकावर कोसळलेली. दूधवाला आधी त्यांना सरळ करतो, मग दूध घालतो.

बी-बियाण्यांचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून या गृहस्थांना पळण्याचा नाद लागलाय. परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर आम्ही काही हौशी मंडळी सकाळी पळतो. पण उत्तमरावांचा सगळा भर घरच्या कसरतींवर. "गुरुजी, आधी पोटऱ्या, मग परभणी!" हे त्यांचं पालुपद. साखर आणायला गेलो तरी दुकानाच्या पायरीवर मला टाचा वर-खाली करायला लावतात. दुकानदार वजन करायचं सोडून बघत बसतो.

आणि स्वतःला एक कसरत धड येत नाही! उठाबशा काढताना यांचे गुडघे एकमेकांना भेटायला निघतात.

त्यांच्या पत्नी मालनवहिनी आमच्यात सगळ्यांत तेज पळायच्या. साडीखाली बूट घालून त्या पुढे, आणि "अगं, थांब की जरा" करत उत्तमराव मागे. उन्हाळ्यात वहिनींचा घोटा मुरगळला. तो बरा झाला, पण मनात धास्ती बसली. डॉक्टरीणबाईंनी घोटा बळकट करायच्या कसरती शिकवल्या, त्या नेमानं केल्या की खुशाल पळा म्हणाल्या. वहिनींनी चार दिवसांत कंटाळा केला. "बास झालं आता माझं पळणं," म्हणून ओसरीतल्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. बूट माळ्यावर गेले.

फक्त नवरा चुकला की त्यांना राहवत नाही. "अहो, गुडघा आत चाललाय! सरका तिकडं, असं करतेत व्हय?" म्हणत उठतात, भिंत धरून सगळं नीट करून दाखवतात आणि कपाळाला हात लावून परत बसतात.

परवा मी दळण घेऊन गिरणीत गेलो. तिथं उत्तमराव एका पायावर उभे. डोळे मिटलेले, कडेवर गव्हाचा डबा आणि अंग जरासुद्धा हलत नव्हतं.

"काय हो, हे घरी का जमत नाही?" मी विचारलं.

दचकून त्यांनी पाय खाली टाकला. "हात जोडतो गुरुजी, आमच्या घरी बोलू नका. मी नीट केलं तर ती खुर्चीतून उठंल कशाला?"

मला हसू आलं आणि या माणसाची फार माया वाटली.

"पण तुम्ही एकटे येताच की रोज पळायला."

"येतो की," ते डबा सावरत म्हणाले. "पर लय जिवावर येतं. म्होरं तिची पाठ दिसली न्हाई की कुठवर पळायचं तेच समजत न्हाई."