ब्रेकला थोडा वेळ द्या

कसलीही पेटलेली तक्रार आणा, चार ओळींत विझवून दाखवतो, असा त्याचा दावा होता. आणि तो खोटा नव्हता! मोटारी बनवणाऱ्या त्या कंपनीच्या तक्रार विभागात त्याला सगळे ‘मलम’ म्हणत. चार माणसांत त्याची जीभ टाळूला चिकटे. कागदावर मात्र ती मधात भिजून उतरे. टेबलाच्या काचेखाली वर्ज्य शब्दांची यादी होती: दोष, बिघाड, निकामी, अपघात. सात वर्षांत त्यातला एकही शब्द त्याच्या लेखणीतून निसटला नव्हता.

त्या महिन्यात एकाच तक्रारीची रीघ लागली. नव्या गाडीचा ब्रेक दाबला, की पाय थेट तळाला!

“साहेब, गाड्या परत मागवायला हव्यात,” तो कसाबसा म्हणाला.

“वरचे लोक विचार करताहेत. तोवर तू लोकांना गार कर.”

त्याने गार केले. एकच मजकूर रचला, कळ दाबली, आणि दोनशे घरांत सांत्वन पोहोचले.

त्यातले एक घर त्याचेच निघाले!

आईवडिलांमागे त्याला ताईनेच वाढवले होते, आणि ती गाडी तिला कर्मचाऱ्यांच्या सवलतीत त्यानेच हौसेने घेऊन दिली होती. संध्याकाळी ती कागद नाचवतच स्वयंपाकघरात आली.

“ब्रेक जरा दगा देत होता रे. तुला उगाच घोर नको, म्हणून परस्पर कंपनीला लिहिलं. काय गोड उत्तर आलंय, ऐक! ‘नव्या घरी आलेल्या पाहुण्याप्रमाणे नवा ब्रेकही रुळायला थोडा वेळ घेतो. आपण त्याला तो द्यावा.’”

त्याने हातातला घास ताटात ठेवला.

“ताई, उद्या गाडी काढू नकोस! ते... ते मी लिहिलंय.”

“तू?” ती हसून हसून खुर्चीत कोसळली. “अरे, माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर तू नुसती सही करतोस! आणि हा माणूस बघ. याच्या शब्दाशब्दात माया आहे.”

“ताई, तो ब्रेक निका... म्हणजे, प्रतिसादात...” सात वर्षांची सवय! शब्द ओठांपर्यंत आला आणि शिस्तीत मागे फिरला.

“वाक्य पुरं करता येत नाही, आणि म्हणे मी लिहिलं!”

त्याने गाडीची किल्ली साखरेच्या डब्यात लपवली. दुसरी किल्ली ताईच्या पर्समध्ये होती.

सकाळी गल्लीच्या टोकाला ब्रेकला वेळ हवा होता. ताईने तो दिला. गाडी फाटक आडवे करून थेट दंतवैद्याच्या बैठकीत शिरली! गाल धरून बसलेले दोघे रुग्ण दाढा विसरून खिडकीतून पसार झाले. ताई वाचली, तिचा उजवा हात मात्र दोन ठिकाणी मोडला.

“आता तू लिही,” प्लास्टरमधला हात उशीवर टेकवून ती म्हणाली. “मी सांगते तसंच. ब्रेक लागला नाही, माझा हात मोडला. बस्स!”

तो बसला. आयुष्यात प्रथमच त्याला खरे लिहायचे होते, तेही जिने त्याला अक्षरे गिरवायला शिकवली तिच्यासाठी. डोळे भरून आले. त्याने जीव ओतून लिहिले.

“वाच बघू.”

“‘आपल्या ब्रेकने माझ्या अपेक्षेहून किंचित अधिक अवधी घेतला, परिणामी माझ्या हाताला सक्तीची विश्रांती लाभली.’”

ताईने डाव्या हाताने कागद ओढून स्वतः वाचला. या वेळी ती हसली नाही.

“म्हणजे,” ती हळूच म्हणाली, “ते पत्र खरंच तूच लिहिलं होतंस.”