सोन्याची भूक

आमच्या शेजारचा सिओने झाडांना पाणी घालतो ते उलटं चालत. गुडघे वाकवलेले, पाय फाकलेले, एका हातात पाइप, दुसरा तळहात समोर रोखलेला, आणि एकेक पाऊल मागे. मी क्वेकर्स हिल या उपनगरात नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला गवतात साप दिसला. कुंपणापाशी जाऊन विचारलं तर म्हणाला, "सवय आहे, मेट. मला याचाच पगार मिळायचा."

पगार अमेरिकन फुटबॉलचा. सिओने मूळचा टोंगा बेटांवरचा, वाढला इथेच, जवळच्या ब्लॅकटाउनमध्ये. शाळेत असतानाच दारात मावेना, म्हणून त्याला कुणीतरी अमेरिकेला नेलं. तिथे तो लाइनमन झाला. लाइनमनने करायचं काय, तर एकेक पाऊल मागे सरत, आपल्या मागे चेंडू घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर कुणाला येऊ द्यायचं नाही. बास. चेंडूला हातसुद्धा लावायचा नाही.

"एकदा चुकून माझ्या पुढ्यात पडला," तो अभिमानाने सांगतो. "मी त्याच्यावर पडलो. मग सगळे माझ्यावर पडले. बेस्ट डे, मेट!"

शेवटी गुडघा गेला आणि सिओने परत आला. तेव्हाच्या फोटोत आत्ताचे दोन सिओने आरामात बसतील. ते वजन कमावलेलं होतं. दर आठवड्याला काट्यावर उभं राहायचं, कमी भरलं की कोचची बोलणी खायची. भूक असो नसो, ताट संपवायचं आणि वर ग्लासभर शेक. त्यामुळे आता कुणीही काही पुढे केलं की याचं उत्तर ठरलेलं, "नो वरीज, मेट. माझं जेवण झालंय. या जन्माचं."

आणि अशा माणसाच्या शेजारी पुण्याहून माझी आई राहायला आली.

"जेवण झालंय" हे वाक्य आईला ऐकूच येत नाही. सिओने हे नावही तिला पहिल्या दिवशी सोन्या असं ऐकू आलं आणि तिने तेच चालू ठेवलं. "एवढा थोरला सोन्या, आणि एकटा राहतो. खातो तरी काय गं?" कुंपणावरून डबे सुरू झाले. थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, पुरणपोळ्या. डबे रिकामे परत यायचे. आई खूश. मग एका रविवारी मैदानावरून जाताना पाहिलं, तर सिओने ज्यांना खेळ शिकवतो ती अख्खी टीम आमच्या पुरणपोळ्यांवर तुटून पडलेली.

मी घरी येऊन हसत हसत सांगितलं. आई हसली नाही. "आवडत नव्हतं तर सांगायचं," म्हणाली आणि तरातरा कुंपणापाशी गेली. मला दुभाषी म्हणून ओढलंच. "विचार त्याला. त्याला आवडतं काय?"

मी विचारलं. सिओनेने पाइप बंद केला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "तिकडे सगळे एवढंच विचारायचे, किती खाल्लंस. माझ्या आईला ठाऊक असेल मला काय आवडायचं ते. पण मी तिकडे असतानाच ती गेली."

मी आईला सांगितलं. ती नुसतीच ओढणी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "संध्याकाळी ये म्हणावं. जेवायला नाही. नुसता बस आमच्यापाशी."

तो आला. केस ओले करून, चापून बसवून. आमची खुर्ची कुरकुरली. आईने दोघींपुरताच वरणभात वाढला. पाहुणा समोर बसलाय आणि ती वाढत नाहीये, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. दोनदा तिचा हात पळीकडे गेला, दोनदा तिने तो मागे घेतला. सिओने त्याच्या आईच्या बागेविषयी बोलत होता, तिने लावलेल्या अळूविषयी. त्यावरून आमच्या आईच्या पुण्यातल्या घरामागच्या अळूचा विषय निघाला, मग तर दोघांनी मला भाषांतराला उसंतच दिली नाही.

"किती हळू जेवता तुम्ही," तो मध्येच म्हणाला.

मग पातेल्याकडे बघत राहिला. हात लांब करून स्वतःच झाकण उचललं, वास घेतला, आणि कडेचा चमचाभर भात वाटीत काढून घेतला.

मी आईकडे पाहिलं. ती मान वळवून खिडकीबाहेर बघत होती. पडदा बंद होता.