पस्तीस टक्क्यांवरचं कीर्तन

सकाळी दहा वाजता कमलाकांत मास्तरांचा कॉम्प्युटर निळा पडला. 'अपडेट चालू आहे, ३५ टक्के, संगणक बंद करू नका,' एवढं सांगून तो जो थांबला, तो थांबलाच. मास्तरांनी दहा मिनिटं वाट पाहिली आणि संगणक बंद केला.

परत चालू केला तर, 'अपडेट होऊ शकलं नाही, केलेले बदल मागे घेत आहे.' अर्धा तास घेऊन त्याने बदल मागे घेतले आणि कुणालाही न विचारता पुन्हा अपडेटच सुरू केलं. पुन्हा पस्तीस. मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं. दुपारी तीनपर्यंत हे चारदा झालं.

एरवी मास्तर पेपर घेऊन आडवे झाले असते. पण आज नानांची पंचविसावी पुण्यतिथी होती. नाना म्हणजे मास्तरांचे वडील, मूर्तिजापूरचे कीर्तनकार. आसपासच्या गावांत त्यांचा आवाज घुमला नाही असं देऊळ नव्हतं. पाच वाजता त्यांचे जुने श्रोते मास्तरांच्या जठारपेठेतल्या घरी येणार होते, नानांचं शेवटचं कीर्तन ऐकायला. त्याचं रेकॉर्डिंग त्या निळ्या पडद्यामागे अडकलं होतं.

मास्तरांचा जुना विद्यार्थी मनोज गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो धावत आला.

"सर, बटण काहून दाबून राहिले तुमी? आकडा हालत नाही म्हंजे आतमंदी काम चालू असते."

"दहा मिनिटं वाट पाहिली ना मी!"

"दहा मिनिटानं काय होते? अन् आता मधातच काही केलं तर नाना बी जातील. मूळ कॅसेट असंल ना?"

मास्तरांच्या पत्नी कुंदाबाईच आतून म्हणाल्या, "विसर्जन केलं तिचं."

"कॅसेटचं?"

"बुरशी लागली होती," मास्तर म्हणाले. "नानांचा आवाज कचऱ्याच्या गाडीत टाकू? गांधीग्रामला जाऊन पूर्णा नदीत सोडली. हार घालून, नारळ वाहून. तूच म्हणाला होतास, कॉम्प्युटरात गेलं म्हणजे कायमचं झालं."

मनोजने घाम पुसला आणि पडद्याकडे पाहून हात जोडले.

खरं तर त्या कॅसेटचं दुखणं जुनंच होतं. मोर्शीच्या देवळात नाना शेवटचे उभे राहिले, तेव्हा टेपरेकॉर्डर मास्तरांच्या मांडीवर होता. आख्यान विदुराघरच्या कण्यांचं. मास्तरांना काम एकच होतं, पाऊण तासाने कॅसेट उलटवायची. पण नाना रंगले आणि दोन मुलांचा बाप असलेले मास्तर तोंड उघडं टाकून ऐकत बसले. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये कृष्ण विदुराच्या दाराशी येतो, खट्ट असा आवाज होतो आणि एकदम नामाचा गजर सुरू होतो. कृष्ण जेवला कधी, हे कुठेच नाही. "एक कॅसेट उलटवता आली नाही माणसाला," हे कुंदाबाईंचं वाक्य पंचवीस वर्षं दर पुण्यतिथीला प्रसादाबरोबर मिळायचं.

पाचला बारा-पंधरा मंडळी आली. सगळ्यांच्या पुढे नत्थुजी, वय ऐंशी. तीस वर्षं नानांमागे टाळ धरलेला माणूस. टाळ आजही पिशवीत होते.

"लावा मास्तर, नानाले लावा."

"जरा... पस्तीस टक्के झालंय."

"बाकीचे पासष्ट कवा होतील?" नत्थुजींनी पडद्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "असं करा, तवरोक तुमीच उभे राहा."

"मी? मी गणित शिकवलं हो जन्मभर!"

"अन् जन्मभर नानाच्या समोर बसले. पाठ नाही झालं काय?"

मास्तरांनी सुटकेसाठी कुंदाबाईंकडे पाहिलं. त्या नानांचं उपरणं घेऊन उभ्या होत्या. मग मास्तरांनी शेवटचा डाव टाकला. "बरं, फोनवर रेकॉर्ड तरी कर. लाल गोल दाबायचा."

"दाबते हो. तुमच्यासारखी नाही विसरणार मी."

नमन झालं. मास्तरांचा आवाज आधी वर्गात हजेरी घेतल्यासारखा लागला, मग नत्थुजींच्या टाळांनी त्याला हळूहळू ओढून वाटेवर आणलं. मनोज दुकान उघडं आहे म्हणून उठायला लागला, तसा नत्थुजींनी टाळ न थांबवता त्याला गुडघ्याने दाबला. "बस. आरतीबिगर उठते काय कोनी?"

आणि मास्तरांनाही बटणापर्यंत जाता येईना. उपरणं खांद्यावर असेपर्यंत माणूस देवाच्या समोर असतो, जागा सोडायची नसते.

कृष्ण दाराशी आला. इथे खट्ट व्हायचं. मास्तर थांबले, डोळे मिटले, आणि मोर्शीची ती रात्र जशीच्या तशी बाहेर आली. विदुराची बायको भांबावली, पाट सापडेना. देव उंबऱ्यावरच बसला. नाना म्हणायचे तसंच मास्तर म्हणाले, "कण्या कशाच्या? आपल्या काळ्या मातीतल्या ज्वारीच्या! वर ताक. देवाने पहिला घास घेतला आणि म्हणाला, माय, थोडा ठेचा असंल तर दे." मंडळी हसली. मग नानांसारखीच मास्तरांनी रिकामी ओंजळ तोंडाशी नेली आणि फुंकर घातली. हसणारे लोक हसता हसताच डोळे पुसायला लागले. नत्थुजींचे टाळ हातातच थबकले होते.

आरती झाली. कापूर विझला, तेव्हा मनोज ओरडला, "सर, झालं!"

पडद्यावर नेहमीचं चित्र आलं होतं. कीर्तनभर कुणी हात लावला नव्हता, म्हणून ते आपलं आपण पुरं झालं होतं. नाना सुखरूप होते.

"आणि तू?" मास्तरांनी कुंदाबाईंना विचारलं. "घेतलंस ना? आता मधला तुकडा जोडता येईल."

कुंदाबाईंनी फोनकडे पाहिलं. तो त्यांच्या जोडलेल्या हातांमध्ये तसाच होता.

"अहो," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "दाबायचं राहिलं."

पंचवीस वर्षांचं उत्तर मास्तरांच्या ओठांवर आलं. पण कुंदाबाईंचे डोळे अजून ओले होते. ते उत्तर गिळून मास्तर मनोजकडे वळले. "काय रे, हे अपडेट पुढच्या वर्षी याच तिथीला टाकता येतं का?"

मनोजने पडद्यावर कुठे कुठे टिचक्या मारल्या. "यात तिथी नसते सर, तारीख असते. अन् पाच आठवड्यांच्या वर पुढचं अपडेट थांबवता येतच नाही. मंग पुन्हा बसतेच."

कुंदाबाई उठल्या आणि खुंटीवरचं पंचांग घेऊन आल्या. "पाच आठवड्यांत एकादशी येते का बघा."

मास्तरांनी पंचांग न उघडताच उपरण्याची घडी घातली आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवली.

"दोन येतात," ते म्हणाले.