लुसीसाठी बाई नेमताना मी अवलंबिलेली कार्यपद्धती

घाईत घेतलेला निर्णय चुकू शकतो. न घेतलेला निर्णय सहसा चुकत नाही. ठाण्याच्या कचेरीत अकरा वर्षे कारकुनी करून मी एवढे शिकलो. म्हणूनच १९८३ साली आमच्या लुसीला सांभाळायला बाई नेमण्याचे काम मी पॉलिनच्या हाती जाऊ दिले नाही. (पॉलिन ही लुसीची आई. तिचा या प्रकरणाशी एवढाच संबंध.) पॉलिन वटारच्या शाळेत शिकवत असे. तेरा जूनला ती हजर झाली नाही, तर तिची जागा दुसरीला जाणार होती. म्हणजे माझ्यापाशी भरपूर वेळ होता.

उमेदवार दोन: अर्नाळ्याच्या कॅथरिनमावशी, वय बासष्ट, आणि शेजारची जुलियाना, वय एकोणीस. मी वहीत रकाने आखले. रांगते बाळ पळाल्यास पकडण्याची शक्यता: जुलियाना ९२ टक्के, मावशी ३१ (गुडघे जमेस धरून). रडणे थांबवण्यास लागणारा वेळ: मावशी अर्धे मिनिट. (जुलियानाच्या चाचणीत दोघीही रडल्या.) बाळाच्या बापाला अक्कल शिकवण्याचा संभव: मावशी शंभर टक्के. बेरीज दोघींची सारखीच आली, तेव्हा फेरतपासणीचा आदेश मी स्वतःलाच दिला.

मावशींकडे अनुभवाचा दाखला मागितला.

"आठ पोरं वाढवली मी," त्या म्हणाल्या. "कोनी कागद नाय मागितला."

हे नियमात बसेना. म्हणून त्यांनी पूर्वी काम केले होते, त्या गोखिवऱ्याच्या घरी मी चौकशीचे सविस्तर पत्र धाडले. त्यामुळे त्या लोकांना मावशींची आठवण झाली आणि त्यांच्याकडे दुसरे बाळ नुकतेच झाले होते. आठ दिवसांत त्यांनी मावशींना बोलावून घेतले. माझ्या पत्राला उत्तर अद्याप नाही.

उरली जुलियाना. पण एकाच उमेदवारातून निवड कशी करणार? मी आणखी अर्जांची वाट पाहिली. दरम्यान देवळात ओळीने तीन रविवार जुलियानाच्या लग्नाची घोषणा झाली. कुणाची हरकत असल्यास कळवावे, असे फादर तिन्ही वेळा म्हणाले. पहिले दोन रविवार मी बाकावर बसून बेरीज तपासत होतो. तिसऱ्या रविवारी ऐकू आले आणि मी हरकत घ्यायला उठलोसुद्धा.

"अहो, बसा खाली!" पॉलिनने शर्ट ओढला.

तेरा जूनला पॉलिन शाळेची साडी नेसून, लुसीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

"मग? कोण येतंय?"

मी वही पुढे केली. तिने वहीकडे पाहिले नाही. आत गेली आणि घरातली साडी नेसून आली. मला फार वाईट वाटले, अगदी लाज वाटली. तरीही मी तिसरा रकाना आखला: पॉलिन, वय एकतीस. ना म्हातारी, ना पोरसवदा. दाखला लागत नाही. निवड एकमताने (मत माझेच). मग मी वेळेवर कचेरीत गेलो.

हसा हवे तर. फक्त एवढे सांगा: तुमच्या घरी बाळासाठी नोकरी कोणी सोडली? आणि त्यावर कधी चर्चा झाल्याचे तुम्हाला आठवते का?