तरोट्याची तारीख

अमरावती विभागातील नागरिकांनी ऋतुमानाप्रमाणे जेवावे, असे वरून ठरले. नागरिक याआधीही ऋतुमानाप्रमाणेच जेवत होते, पण विनापरवाना. त्या जेवणाची कुठे नोंद नव्हती, अहवाल नव्हता, आणि ज्याचा अहवाल नाही ते आरोग्य ग्राह्य धरता येत नाही. म्हणून विभागीय ऋतुआहार कक्ष स्थापन झाला. मी त्यात वरिष्ठ लिपिक. नाव नितेश, गाव दर्यापूर, पोट नाजूक.

आमच्या वऱ्हाडात ऋतू तीन. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, आणि त्यातला मन लावून काम करतो तो उन्हाळाच. कक्षाला मात्र सहा ऋतू मंजूर होऊन आले. हेमंत आणि शिशिर यांत नेमका फरक काय, असे मी बैठकीत विचारले. पुण्याहून आलेल्या प्रकल्प समन्वयक प्राजक्ता मॅडम म्हणाल्या, "फाइल वेगळी आहे." त्यानंतर मला शंका राहिली नाही.

कक्षाने पहिले काम केले ते रानभाज्यांच्या वाटपाचे. एका जिल्ह्याला एक भाजी. अकोल्याला कटुर्ले, म्हणजे करटोली, मिळाले आणि अमरावतीला तरोटा. तरोटा म्हणजे पहिला पाऊस पडून गेला की बांधावर, रस्त्याच्या कडेला, जिथे जागा सापडेल तिथे आपोआप उगवणारा पाला. बोटभर असतो तेव्हा खुडायचा, कांदा-लसूण घालून परतायचा, ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचा. पावसाळ्याच्या तोंडावर पोट साफ ठेवतो. ही मुदत पंधरा-वीस दिवसांची. पुढे तो वाढतो, जरड होतो, आणि मग त्याला ढोरही तोंड लावत नाही. हे दर्यापुरात लहान लेकराला ठाऊक असते. कक्षाकडे मात्र याविषयी कोणतेही परिपत्रक नव्हते.

दुसरे काम विक्रेत्यांचे. पंधरा ऑगस्टनंतर मोटार स्टँडच्या हद्दीत भाजीची टोपली घेऊन बसायचे, तर 'ऋतुसंगत विक्रेता' हे प्रमाणपत्र बंधनकारक झाले. ते मिळवण्यासाठी रानभाजी महोत्सवात प्रमुख पाहुण्यांसमोर आपल्या जिल्ह्याची भाजी शिजवून दाखवायची. दर्यापूरच्या स्टँडवरून एकच अर्ज आला, मैनाबाईंचा.

मैनाबाई त्या स्टँडच्या लिंबाखाली एकतीस वर्षांपासून बसतात. उन्हाळ्यात चिवळ, पावसात तरोटा, मग कटुर्ले, मग अंबाडी, थंडीत हरभऱ्याचा पाला. गिऱ्हाइकाचे तोंड पाहून त्या भाजी देतात. माझ्या आईला त्या दरवर्षी श्रावणात पालेभाजी द्यायला साफ नाही म्हणायच्या. "पोट बिघडलं हाये तुमचं, मुगाचं वरण खा," म्हणून परत पाठवायच्या. घरात कर्ते माणूस उरले नाही, म्हणून त्या जागेवर त्यांचे आणि नातीचे, करिश्माचे, पोट चालते. जागा गेली तर दुसरी नाही.

महोत्सव बावीस जूनला ठरला होता. मैनाबाई सकाळच्या पहिल्या गाडीने अमरावतीला आल्या. टोपलीत ओल्या फडक्याखाली असा कोवळा तरोटा, की मला भाकरीची आठवण झाली. दहा वाजता निरोप आला की प्रमुख पाहुण्यांना वेळ नाही. महोत्सव बारा ऑगस्टला ढकलला.

मैनाबाईंनी टोपलीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"बाबू, तवापर्यंत हा थांबन का?"

"त्यालाही कळवू," मी म्हणालो. सरकारी नोकरीत माणूस असे बोलतो आणि पुढे विसरून जातो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मैनाबाई स्वतःहून कक्षात आल्या. सोबत पिशवीत कटुर्ले होते, हिरवेगार, काटेरी, अगदी वेळेवरचे.

"मॅडम, तरोटा आता जरड झाला. फुलावर येऊन राहिला. मी कटुर्ल्याची भाजी करतो. हे आता खायाचे दिवस हायेत."

प्राजक्ता मॅडमनी पिशवीकडे पाहिले. त्या वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांनी ऋतुचर्येवर पदविका घेतली होती आणि डब्यात रोज कोमट पाणी आणायच्या.

"मावशी, कटुर्ले अकोला जिल्ह्याला गेलेले आहे."

"गेलं नाई बाप्पा, हे पहा ना, माह्याच पिशवीत हाये."

"वाटपात गेलेले आहे. अमरावतीने कटुर्ले शिजवले तर दोन जिल्ह्यांचे उद्दिष्ट एकमेकांत मिसळते. आणि फलकावर तरोट्याचे चित्र छापून झाले आहे."

"मंग फलकच खा," असे मैनाबाई म्हणाल्या नाहीत. त्यांना प्रमाणपत्र पाहिजे होते. त्या एवढेच म्हणाल्या, "जरड तरोटा खाल्ला त पोट धरत नाई. कोनाचंच धरत नाई. मी सांगून राहिली म्हनून लिहून घ्या."

मी लिहून घेतले. 'अर्जदार मैनाबाई यांनी कळविले की सदर भाजी या कालावधीत सेवन केल्यास जुलाब होतात.' त्यांचा अंगठा घेतला आणि कागद फाइलला लावला. मॅडमनी कोपऱ्यात 'पाहिले' लिहिले. मला त्या दिवशी आपण नियमाने वागलो याचे फार बरे वाटले.

बारा तारखेला एकशे वीस ताटांचा तरोटा लागणार होता. मैनाबाई उजाडल्यापासून शेंडे खुडत होत्या आणि नऊपर्यंत त्यांची अर्धी टोपलीही भरली नाही. मग कक्षाच्या दोन शिपायांनी विळे घेऊन कार्यालयामागचा कमरेइतका वाढलेला तरोटा मुळापासून कापून आणला. पाच वर्षांपासून ते गवत काढण्याचा प्रस्ताव प्रलंबित होता, तोही त्या निमित्ताने निकाली निघाला.

मैनाबाईंनी निदान पाला दोनदा उकळून पाणी फेकायचे ठरवले. पहिले पाणी ओतायला त्यांनी भाजीचे पातेले, आमच्याकडे गंज, उचलले तोच मॅडम धावत आल्या.

"मावशी, पाणी फेकू नका. सगळी जीवनसत्त्वे त्यातच असतात."

"त्यातच सारं हाये ना, म्हनून त फेकतो."

"नियमावलीत पाणी फेकण्याची तरतूद नाही."

गंज पुन्हा चुलीवर गेला. मैनाबाईंनी पदराला हात पुसले. एकतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा गिऱ्हाइकाचे तोंड न पाहता वाढले.

प्रमुख पाहुण्यांनी दोनदा भाजी घेतली. आपल्या आजीच्या हातची चव आठवली असे ते माईकवर म्हणाले. आजी ही भाजी जूनमध्ये करायची, हे त्यांना आठवले नाही. मीही खाल्ली. मला सगळे ठाऊक होते, तरी खाल्ली, कारण ताटे मोजणारा माणूस माझ्यासमोर उभा होता आणि एकशे वीस आकडा पूर्ण व्हायचा होता.

आभारप्रदर्शन संपता संपता पाहुणे उठले. मग व्यासपीठ उठले. मग पहिली रांग. सभागृहाला शौचालये दोन, त्यातल्या एकाला कुलूप, आणि किल्ली ज्या कर्मचाऱ्याकडे होती तो स्वतः जेवला होता. पुढचे तपशील अहवालात नाहीत, इथेही देत नाही.

मी भिंतीला धरून मागच्या ओट्यावर बसलो होतो. मैनाबाईंनी पिशवीतून एक वाळलेली आंब्याची कोय काढली, दगडावर ताकात उगाळली, चिमूटभर सुंठ घातली आणि वाटी माझ्या हातात दिली.

"उन्हाळ्यातली कोय मी जपून ठेवतो. पावसाळ्यात कामी पडते. प्या, बाबू."

मी प्यालो. तासाभरात माणसात आलो. डोळ्यांत पाणी आले होते, ते पोटदुखीचे की कशाचे, मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कक्षात बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. पाहुण्यांच्या कार्यालयातून विचारणा आली होती. एकशे वीस नागरिकांना आरोग्य अभियानात जुलाब झाले असे लिहिणे शक्यच नव्हते. तेव्हा महोत्सवात कोमट पाण्यावरच राहिलेल्या मॅडमना पदविका कामी आली. "जुलाब कशाला म्हणायचे?" त्या म्हणाल्या. "शास्त्रात याला विरेचन म्हणतात. पंचकर्मातले आहे. लोक यासाठी नाव नोंदवून रांग लावतात."

अहवाल सुंदर झाला. एकशे वीस लाभार्थींना एकाच दिवशी मोफत विरेचन. उद्दिष्टाच्या शंभर टक्के. मी सुवाच्य अक्षरात मसुदा केला आणि वरून आमचे अभिनंदनही आले.

पण अभिनंदनासोबत तज्ज्ञ समितीतल्या वैद्यांचा एक शेरा आला. विरेचन हे शरद ऋतूत करावयाचे असते. वर्षा ऋतूत बस्ती, म्हणजे औषधी एनिमा, सांगितली आहे. बारा ऑगस्ट हा कक्षाच्याच दिनदर्शिकेप्रमाणे वर्षा ऋतू. तेव्हा हे ऋतुबाह्य विरेचन कोणी केले, आणि सदर व्यक्तीची वैद्यक नोंदणी आहे काय, ते कळवावे.

शिजवले कोणी, तर मैनाबाईंनी. नोंदणी नव्हती. आता प्रश्न एकच उरला, की हे त्यांच्याकडून अजाणता झाले की जाणूनबुजून. मॅडमनी फाइल उघडली आणि तिथे तो कागद होता. अंगठ्यासह. 'सदर भाजी या कालावधीत सेवन केल्यास जुलाब होतात.' म्हणजे पूर्वज्ञान सिद्ध झाले. त्यांनी सावध केले होते, हेच त्यांच्याविरुद्ध सगळ्यात भक्कम ठरले. न बोलता शिजवले असते तर सुटल्या असत्या.

माझीही चौकशी झाली. एकशे एकोणीस लोक दोन दिवस आजारी आणि मी एकटा दुसऱ्या दिवशी हजर, याचा खुलासा मागितला होता. मी काय करणार? घरी दोन लेकरे शिकून राहिली आहेत. मी खरे तेच लिहिले. 'मैनाबाई यांनी मला आंब्याची कोय उगाळून पाजली.' त्यांच्यावर दुसरा ठपका आला. कर्तव्यावरील कर्मचाऱ्यावर विनाचिठ्ठी उपचार, तोही मागील ऋतूच्या फळाचा वापर करून.

प्रमाणपत्र नाकारल्याचा कागद द्यायला मीच दर्यापूरला गेलो. मैनाबाईंनी तो करिश्माकडून वाचून घेतला. शेवटी ऋतुभंग असा शब्द होता. तो तिने दोनदा वाचला.

"म्हंजे मी अवकाळी भाजी खाऊ घातली, असं म्हनून राहिले का?"

"हो."

"मले त तेच सांगाचं होतं ना, बाबू." मग त्यांनी विचारले, "पोट कसं हाये तुमचं?"

मी पोचपावतीवर त्यांचा अंगठा घेतला.

कक्षात एवढ्या वेगाने फिरलेली ही एकच फाइल; सोळा ऑगस्टला लिंबाखालची जागा मोकळी झाली. तिथे आता कक्षमान्य विक्री केंद्र आहे. काचेची पेटी, आत हिरवी पाकिटे. तरोटा पत्ती चूर्ण, कटुर्ले चूर्ण, आंब्याच्या कोयीचे चूर्ण. प्रत्येक पाकिटावर लिहिले आहे, 'बाराही महिने घ्या, ऋतुचर्या पाळा.' मैनाबाई रस्त्याच्या पलीकडे, हद्दीबाहेर, नालीच्या कडेला बसतात. उन्हात टोपली लवकर सुकते, म्हणून दुपारीच उठतात. लोक तिथे थांबतात, भाजी उलटीपालटी करतात, आजचीच आहे ना असे दोनदा विचारतात, वरून मूठभर कोथिंबीर फुकट मागतात आणि रस्ता ओलांडून पेटीकडे जातात. पाकीट कधीचे आहे, असे तिथे कोणी विचारत नाही.

शनिवारी मी गावी जातो तेव्हा त्या रांगेकडे पाहत बसतो. चेहरे ओळखीचे असतात. श्रावणात मटार आणि दिवाळीत आंबा खाणारी, आणि प्रकृती बिघडली की ऋतुचर्येला लागणारी शिकलेली माणसे. गेल्या शनिवारी रांगेत तुम्हीही होता. एका हातात दोन पाकिटे होती आणि दुसऱ्या हातात असेच काहीतरी आमच्या कक्षाची खिल्ली उडवणारे, आणि ते वाचून तुम्ही मनापासून हसत होता. समोर मैनाबाई तुमच्या तोंडाकडे पाहत होत्या. तुम्हाला काय पचेल ते त्यांना कळले होते, पण तुम्ही वर पाहिले नाही.