बेयबितचं प्रमाण डोकं

"जगात भरवशाची एकच वस्तू आहे, आणि ती माझ्या मानेवर आहे!" बेयबितने आल्माटीच्या बैठकीत टेबलावर थाप मारून सांगितलं, तेव्हा कुणीच हरकत घेतली नाही. हरकत घेणाऱ्याला स्वतःचं डोकं पुढे करावं लागलं असतं!

बेयबित इस्पितळातला भौतिकतज्ज्ञ. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरांची यंत्रं खरं बोलतात की नाही ते बघणारा. भानगड अशी होती, की विसरण्याच्या आजारावरचं एक नवं औषध आल्माटी, तराझ आणि शिमकेंतच्या म्हाताऱ्या माणसांना द्यायचं घाटत होतं. ज्याच्या मेंदूतला आठवणींचा भाग आक्रसलाय, त्यालाच ते मिळणार. हे माप एमआरआयवर घ्यायचं. पण तीन गावांतल्या तीन यंत्रांचं एकमेकांशी तीन जावांइतकंच पटत होतं. एकाला जो मेंदू टरबुजासारखा भरलेला दिसे, तोच दुसऱ्याला वाळक्या जर्दाळूसारखा दिसे!

यावर बेयबितचा तोडगा सरळ होता. एकच डोकं तिन्ही यंत्रांत घालायचं. कुठलं यंत्र किती खातं ते कळलं, की तेवढं माप पुढे जमेस धरायचं.

"तिथल्या इस्पितळांतल्या लोकांना कळवलंयस ना?" त्याच्या बायकोने, मेरुएर्तने विचारलं.

"छे! तपासणी आहे म्हटलं की सगळे शहाण्यासारखे वागतात. मी साधा पेशंट म्हणून जाणार. फक्त तिथल्या मोठ्या डॉक्टरांना ठाऊक आहे."

आल्माटीत त्याचं डोकं उत्तम निघालं. तराझमध्येही ठीक. शिमकेंतला मात्र यंत्रातून बाहेर आल्यावर डॉक्टर कुल्याश बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, हातात गरम चहा दिला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या प्रेमाने डॉक्टर वागले, की माणसाने घाबरायला हवं. बेयबित घाबरला नाही.

"घरचं कुणी आलंय बरोबर?"

"नाही. एकटाच आलोय."

"एकटेच!" बाईंनी कपाळाला हात लावला. "बरं, आज वार कोणता?"

बेयबितचे तीन दिवस आगगाडीत आणि यंत्रात गेले होते. तो म्हणाला, "बुध... नाही, गुरुवार असेल."

"शुक्रवार. कशासाठी आलात इथे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बाई, मी पेशंट नाहीच. मी डोकं घेऊन गावोगाव फिरतोय. माझं डोकं प्रमाण धरलंय. चूक तुमच्या यंत्रात आहे!"

"हो, हो," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "पुष्कळांना तसं वाटतं."

"तुमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारा!"

मोठे डॉक्टर पुतणीच्या लग्नात होते, आणि शिमकेंतच्या लग्नात फोन ऐकू येणं अशक्य. बाईंनी मग मेरुएर्तला फोन लावला, पण आवाज तुटत होता. मेरुएर्तने "यंत्र", "डोकं" आणि "एकटं सोडू नका" एवढंच ऐकलं आणि शिमकेंतमधल्या ओराझबेक मामांना पिटाळलं. ओराझबेक म्हणजे बेयबितच्या आईचा भाऊ. छाती पिंपासारखी, आवाज घोड्यांच्या बाजारात कमावलेला. अर्ध्या वाटेवर त्यांनी बाकीच्या नातेवाइकांनाही कळवून टाकलं होतं!

"माझ्या भाच्याला काय झालं?" मामा दारातूनच गरजले.

"आठवणींचा भाग बराच लहान झालाय," बाई म्हणाल्या.

"मामा, काही झालेलं नाही! यंत्र खोटं बोलतंय!"

मामांनी त्याचं डोकं छातीशी धरलं. "असं होय रे बाळा? यंत्र खोटं बोलतंय? आपण मारू हं यंत्राला!"

या मिठीत गुदमरतानाच बेयबितला युक्ती सुचली. "मामा, तुमची स्मरणशक्ती कशी आहे?"

"माझी? तीस वर्षांत विकलेला प्रत्येक घोडा सांगतो! रंगासकट!"

"मग झोपा यंत्रात. तुमचाही मेंदू लहान दिसला, तर यंत्र खोटं. बाई, एवढं करा, मग मी मुकाट घरी जातो."

मामा कुणाचं आव्हान नाकारणारे नव्हेत. पट्टा, घड्याळ, किल्ल्या काढून ते आत गेले. यंत्र धडधडलं. बाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि बेयबित विजयी मुद्रेने बाईंकडे.

"लहानच आहे," बाई म्हणाल्या.

"बघा! पटलं ना?"

"पटलं तर! घराण्यातच आहे हे!"

मामांनी बाहेर येऊन हे ऐकलं मात्र! घराण्याचं नाव निघाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या तसबिरी हलतील असा आवाज लावला. सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवली आणि शेवटी बोट रोखलं. "आता तुम्ही झोपा आत! बघू दे मला, तुमच्या घराण्यात काय आहे ते!"

बाई हसल्या. पण मामा दारात उभे होते आणि दार मामांहून अरुंद होतं. बाईंनी कानातले डूल काढले.

पडद्यावर त्यांचा मेंदू आला. माप आलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, पुन्हा माप घेतलं.

"मी अडतीस वर्षांची आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हे तर ऐंशीच्या बाईसारखं..." आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला. "हिवाळ्यात यंत्र दुरुस्त करून घेतलं, तेव्हापासून मी कितीतरी जणांना सांगितलंय, की तुमची आठवण चालली. अहो, माझ्यासमोर रडलीत ती माणसं!"

बेयबितला 'बघा, मी म्हणत होतो' असं म्हणायचं होतं. ते त्याने गिळलं. "सगळ्यांची मापं दुरुस्त करता येतील," तो म्हणाला. "काहीजण खरंच आजारी असतील, त्यांना औषध मिळेल. बाकीच्यांना आजच सांगू."

तो लगेच यंत्राच्या फरकाचा हिशेब करायला बसला. पहिली सुटका झाली बिबिनूर आजींची. आजी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बाईंनी फोन लावला, आवाज मोठा केला आणि सगळं सांगून टाकलं. "आजी, तुमचा मेंदू ठणठणीत आहे! चूक आमची. मला क्षमा करा!"

मामांनी डोळे पुसले.

"हे आणखी कुणाला सांगितलंत?" आजींनी दबक्या आवाजात विचारलं.

"कुणालाच नाही. तुमच्या सुनेला आत्ता कळवते."

"खबरदार!" आजी कडाडल्या. "चार महिने झाले, माझ्याशी कुणी वाद घालत नाही. नातवंडं सांभाळायला सांगत नाही. ताटात कझीचा, त्या घोड्याच्या मांसाच्या सॉसेजचा, पहिला तुकडा माझा. टीव्हीचा रिमोटही माझ्याच हातात! काय बिघडलंय तुमचं?"

"पण आजी, खरा अहवाल तर द्यायलाच हवा!"

"घरी पाठवू नका. मी स्वतः येऊन नेईन," आजी म्हणाल्या. मग थोडं थांबून, अगदी गोड आवाजात, "आणि विसरले, तर रागावू नका हं!"