पहिल्या मजल्यावरची खाडी

खाडीच्या तोंडाशी बांध होता, बांधाला लोखंडी दार होतं आणि ते दार उघडलं जाऊ नये यासाठी एक अख्खं कार्यालय होतं. दारापलीकडे समुद्र, अलीकडे सुकत चाललेली पाणथळ. माशांची पिल्लं पूर्वी भरतीबरोबर आत यायची आणि चिखलातल्या गवतात वाढून परत जायची. येत्या उधाणाला दार उघडलं नाही, तर यंदाची पिल्लंही बाहेरच मरणार होती.

हे सांगायला खाडीची संशोधिका कार्यालयात खेटे घालत होती. तिथे तिला मागून मासोळीबाई म्हणत, हल्ली समोरूनही.

“दार उघडायला आमची ना नाही,” अभियंतासाहेब म्हणाले. “पण ज्यांच्यासाठी उघडायचं, ते लाभार्थी आत आहेत का?”

“दार बंद आहे म्हणून नाहीत, साहेब.”

“म्हणजे नाहीत! नसलेल्यांची सोय करायला लागलो, तर उद्या जो तो आपण नाही म्हणून सांगत येईल.”

दुसऱ्या दिवशी तिने बांधापलीकडची पिल्लं बादलीत घालून साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब दचकले. लाभार्थी प्रत्यक्ष हजर होण्याची कार्यालयाला सवय नव्हती.

पण हजर झालेल्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसेना. त्यांच्यासाठी कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, जिन्यापाशी काचेची टाकी आली. टाकीत पंप आला, निळा दिवा आला, प्लास्टिकचं गवत आलं. शिपाई येता-जाता दाणे टाकू लागला. आढावा बैठकीत साहेबांनी नोंदवलं, की कार्यक्षेत्रात गेल्या वर्षी एकही मासा नव्हता, यंदा भरपूर आहेत. सबब परिसंस्थेचं पुनरुज्जीवन पूर्ण झालं आहे.

“आता तर पिल्लं आत आहेत ना?” संशोधिका म्हणाली. “उघडा दार!”

“आता कशाला? आलीच की.”

तिने जनसुनावणी मागितली. ती कार्यालयाच्याच सभागृहात ठेवली गेली. माणसं येतील, बघतील, आपल्या बाजूने बोलतील असा तिचा हिशेब होता. माणसं आली. टाकीपाशी थांबली. मुलांना खांद्यावर घेऊन बघू लागली. पिल्लांना चिखल लागतो, उघडं पाणी लागतं, काचेत ती फार दिवस जगत नाहीत, असं संशोधिका घसा फोडून सांगत होती.

तिला लहानाची मोठी करणारी आत्या पहिल्याच रांगेत होती.

“अगं, चिखलात जाऊन कोण बघतंय ती?” आत्या म्हणाली. “इथे कशी बसल्या जागी दिसतात! वास नाही, डास नाहीत. तुझं आपलं काहीतरीच.”

सभागृहात टाळ्या पडल्या. प्रत्येक इमारतीत एक टाकी द्यावी आणि टाकी बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी रिकाम्या पाणथळीत भराव घालावा, असं ठरलं. हरकती मागवण्यात आल्या. एकच आली, ती संशोधिकेची. पण तिचा विषयाशी थेट संबंध असल्याने ती हरकत निःपक्षपाती धरता आली नाही.

उधाणाचं पाणी दारापर्यंत आलं, थोडा वेळ थांबलं आणि परत गेलं. बांधावर तेव्हा संशोधिका एकटीच होती.

निर्णय एकमताने झाल्याची नोंद आहे. एकमतात तुम्हीही आहात. तुमच्या इमारतीतली टाकी जिन्याखाली बसवली आहे, आणि तिच्यासमोर काढलेल्या फोटोत तुम्ही फार छान हसला आहात.